माझं एकट्याचं उड्डाण

माणसं रोज एकत्र चहा प्यायला लागली की किस्से साठतात. माणसं पांगली की ते कुणा एकाच्या गळ्यात पडतात. आमच्या फ्लाइंग क्लबचे माझ्या गळ्यात पडलेत. पण ते मला नीट आठवतात की मीच रचतो, हे सांगायला आता फारसं कुणी उरलेलं नाही.

क्लब म्हणजे सोमाटण्यापलीकडे गवताची धावपट्टी, दोन सीटचं एक विमान आणि सात-आठ टवाळ माणसं. निवृत्तीनंतर, बायको सुलभा गेल्यावर, मी तिथे शिकायला गेलो. आयुष्यभर एरोडायनॅमिक्स शिकवलं होतं. विमान कधी चालवलं नव्हतं!

*

पहिल्याच धड्यात मी शिकवणाऱ्या कॅप्टनलाच लिफ्टचं, म्हणजे विमान उचलून धरणाऱ्या बलाचं, समीकरण समजावू लागलो.

तो म्हणाला, "सर, विमान उतरवायचंय. सिद्ध नाही करायचं!"

*

लँडिंगची मला धास्ती. जमीन जवळ आली की मी पुन्हा वर! एकदा इतक्या घिरट्या घातल्या, की रेडिओवर आवाज आला, "सर, उतरा आता. तुमची भजी आम्ही खातोय!"

*

एका शिकाऊ वैमानिकाने आपल्या मऊ लँडिंगची फुशारकी मारली.

मेकॅनिक दत्तू म्हणाला, "व्हय, लय मऊ. टायर फुटल्यालं बी कळलं न्हाई तुमाला!"

*

मग माझा सोलो. शेजारची सीट रिकामी. घाबरून मी सुलभाशी बोलू लागलो. मोठ्याने! "भिऊ नकोस, आता उतरतोय. घरी गेलो की पिठलं टाक."

अर्धी धावपट्टी संपली तरी चाकं टेकेनात. टेकली ती उसळली, आणि विमान पलीकडच्या भातखाचरात नाक खुपसून थांबलं.

खाचरातल्या मावशींनी मला बाहेर ओढलं आणि पुन्हा आत डोकावल्या.

"आबा, दुसरं मानूस कुटंय?"

"मी एकटाच आहे."

"दोन खुर्च्यांचं ईमान, आन् एकलंच?"

*

मला खरचटलं तेवढंच. पण रेडिओवर बोलायचं बटण मी भीतीने दाबूनच धरलं होतं की काय? सुलभाशी बोललेलं क्लबात सगळ्यांनी ऐकलं असेल तर? ही मंडळी टिंगल केल्याशिवाय सोडणार नाहीत, आणि मला तर जायला दुसरी जागा नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी फाटकातूनच मागे वळलो. दत्तूने हाक मारली, "आबा, या की! काल रेडिओ बंद पडल्याला. आमाला कायबी ऐकू आलं न्हाई."

मी विचारलंही नव्हतं!

आत गेलो. क्लब बंद होईपर्यंत रोज जात राहिलो.

*

बऱ्याच वर्षांनी कार्ल्याच्या फाट्यावर कॅप्टन भेटला. धीर करून विचारलं, "त्या दिवशी रेडिओ खरंच बंद होता?"

तो म्हणाला, "चालू होता, सर. अगदी खणखणीत."