जमिनीवरच्या खिळ्यांतली ओळ

हे माझी नात टाईप करून देतेय. मी सांगतो, ती लिहिते. भूत, करणी, संकेत असल्या गोष्टींवर माझा तेव्हाही विश्वास नव्हता, आजही नाही. इथं लोकांनी लिहिलेले बरेचसे अनुभव वाचून मी नुसता हसतो. पण आता वय झालंय, थकलोय... ही एक गोष्ट सांगून मोकळं व्हावं म्हणतो.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. गिरगावात, ठाकूरद्वारच्या आतल्या गल्लीत एक छोटा छापखाना होता, तिथं मी जुळारी होतो. म्हणजे शिशाचं एकेक अक्षर – त्याला आम्ही खिळा म्हणायचो – हातानं उचलून ओळी लावायच्या. खिळे लाकडी पेट्यांत, प्रत्येक अक्षराला वेगळा खण. जुळारी आम्ही दोघंच. मी बावीस वर्षांचा, आणि सखारामतात्या पन्नाशीचे, वरळीच्या बीडीडी चाळीतले. काम मला त्यांनीच शिकवलं. नवस, गंडेदोरे त्यांनी केव्हाच सोडले होते. घरात देव्हारासुद्धा नव्हता.

एका दुपारी रस्त्यावर आधी अश्रुधूर, मग गोळीबार. पळणारी माणसं आमच्या पुढच्या दारानं शिरली आणि मागच्या दारानं बाहेर पडली. त्यांचा दोष नाही, जीव वाचवत होती. पण त्या रेट्यात पेट्यांची मांडणी आडवी झाली. गल्ली शांत झाल्यावर बघतो तर जमिनीवर घोट्याएवढा थर – तीन वेगवेगळ्या टाईपांचे हजारो खिळे एकमेकांत मिसळलेले. वर चपला, टोप्या, कुणाचा तरी फुटका चष्मा.

मालक म्हणाले, "भंगारात घाला. हे निवडायला जन्म जाईल."

तात्या म्हणाले, "मी लावतो."

दुसऱ्या दिवशी कळलं, तात्यांचा मुलगा वसंत आदल्या दिवसापासून घरी आला नव्हता. गिरणीत कामाला होता, मोर्च्याला म्हणून गेला तो गेलाच. संचारबंदी सुटली की तात्या इस्पितळं हिंडायचे, आणि मग छापखान्यात येऊन त्या ढिगासमोर बसायचे.

मी म्हटलं, "तात्या, तुम्ही घरी जा. हे मी बघतो."

"घरी काय करू दिनू? वसंताच्या आईच्या तोंडाकडं बघवत नाही. गिरगावातलं बघितलं, परळची दोन्ही झाली, कुठंच नाव नाही. इथं बसून निदान ह्यांना तरी आपापल्या घरी पोचवतो."

खणाला ते घरच म्हणायचे.

आमची पद्धत अशी – जमिनीवरून मूठभर खिळे घ्यायचे, हातातल्या पट्टीत ओळीनं उभे करायचे, म्हणजे अक्षर दिसतं. मग एकेक उचलून त्याच्या खणात टाकायचा. साहजिकच पट्टीत यायच्या त्या सगळ्या ओळी निरर्थक. तीन दिवस आम्ही तेच करत होतो. बोटं काळी, पाठ मोडलेली. ढीग काही कमी होईना. मला मनातून मालकांचंच पटत होतं.

चौथ्या दिवशी, दुपारी तीनच्या सुमारास, मी एक मूठ घेतली आणि पट्टीत लावली. सवयीनं वाचली. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं, पण आम्हाला ते सरळच दिसायचं.

"वसत भायखळा."

अनुस्वार नव्हता. पुढे काही नाही, मागे काही नाही.

मी पट्टी तात्यांपुढे धरली. त्यांनी वाचली. मालकांनीही येऊन वाचली. ते म्हणाले, "जुन्या कामाची ओळ असेल, तशीच पडली असेल."

तसं असू शकत नव्हतं. ओळीत तिन्ही टाईप होते – 'भा' लग्नपत्रिकेचा जाड, 'ख' पंचांगाचा बारीक. ओळ वरखाली झाली होती. अशी ओळ कुणी लावत नाही.

तात्यांनी ते खिळे एकेक करून आपापल्या खणात टाकले, हात पुसले आणि म्हणाले, "चल."

भायखळ्याच्या इस्पितळात वसंत होता. डोक्याला पट्टी, नोंदवहीत नाव 'अनोळखी'. कुणा टॅक्सीवाल्यानं आणून सोडलं होतं. तात्यांनी हाक मारली तेव्हा त्यानं डोळे उघडले. म्हणाला, "आईला आणा."

आईला आणलं. अकरा दिवस तो जगला. दोघं अकरा दिवस त्याच्याजवळ होती. नाहीतर बेवारस म्हणून गेला असता.

पंधरवड्यानं तात्या कामावर आले आणि ढिगासमोर बसले. पुढे महिनाभर आम्ही निवडत होतो. शेवटचा खिळा खणात पडला तेव्हा त्यांनी फक्त खराटा मागितला आणि जमीन झाडली.

ओळीबद्दल मी त्यांना एकदाच विचारलं.

"लावलीस तू," ते म्हणाले. "तुला माहीत नाही, तर मला कसं असणार?"

पुष्कळ विचार केला. दमलेल्या हातांनी नकळत अक्षरं निवडली असतील, असंही म्हणून बघितलं. पण भायखळा मला कुठून सुचणार? तो तिथं आहे हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. ओळीचा ठसा घ्यायचंही सुचलं नाही, त्यामुळे पुरावा काहीच नाही. तात्या गेले, मालक गेले. ती ओळ वाचलेला मी एकटाच उरलोय, आणि मला अजून काही कळलेलं नाही.