शिव्यांच्या यादीतला पाचवा शब्द

माझ्या दोन बोटांना वायरी बांधल्या होत्या. कानावर हेडफोन. त्यातून एक पुणेरी आवाज मला सावकाश, स्वच्छ उच्चारात शिव्या ऐकवत होता. पाचवी शिवी म्हणजे माझ्या जातीचं नाव.

शेजारच्या यंत्रात कागदावर पेन सरळ रेष ओढत होतं. ते एकदम उसळलं.

"हात हलवलास का गं?" आमच्या युनिव्हर्सिटीतला सायकॉलॉजीचा सीनियर विचारत होता. टेपवरचा आवाज त्याचाच, यादीही त्यानेच केलेली. "रीडिंग एकदम शूट झालंय. परत घेऊ."

ऐंशीच्या दशकातलं मॅसॅच्युसेट्स. मी तिथे केमिस्ट्रीत पीएचडी करत होते. दोन भाषा बोलणाऱ्यांना कुठल्या भाषेतला शब्द जास्त लागतो, हे तो बोटांच्या घामावरून मोजायचा. त्याला मराठी माणसं हवी होती, म्हणून मी गेले. इंग्रजी शिव्यांना माझी रेष ढिम्म हलली नाही. इंग्रजीत मला कुणी हात लावू शकत नव्हतं. माझ्या आडनावावरूनही जात कळत नाही. तिथल्या मराठी मंडळाच्या पॉटलकला, घरोघरचे पदार्थ आणून एकत्र जेवताना, एखादी काकू विचारायची, "तू मूळची कुठली गं?" मी गावाचं नाव सांगायचे आणि भांडी विसळायला पळायचे. तो शब्द समुद्रापलीकडे राहिला, असं मी धरून चालले होते. मूर्खच होते.

त्याने टेप मागे नेली. परत तो शब्द. परत पेन उसळलं.

"स्ट्रेंज," तो हसला. "बाकी कुणाचंच ह्याला एवढं आलं नाही यार. शेवटचं एकदा."

माझा बाप हा शब्द ऐकून मान खाली घालायचा. मीही तेच करत बसले होते. स्वतःच्या पायांनी चालत येऊन, वायरी लावून घेऊन. मला संताप आला. त्याचा आला, त्याहून जास्त माझा आला. मी वायरी ओढून काढल्या.

"ही शिवी नाही. माझी जात आहे."

त्याचा चेहरा उतरला. "सॉरी, मला माहीत नव्हतं. म्हणजे... आमच्याकडे सगळे असंच बोलतात गं." मग त्याने कात्री उचलली. "एवढा पीस कट करून टाकतो. प्रोफेसरना कशाला दाखवायचं? आपल्या घरातल्या गोष्टी."

"कुणाच्या घरातल्या?"

त्याने कात्री खाली ठेवली.

मी कागद त्याच्या हातातून काढून घेतला. जिथे पेन उसळलं होतं, तिथे तो शब्द लिहिला. दोन्ही ठिकाणी. देवनागरीत, ठळक. खाली माझं पूर्ण नाव आणि सही.

त्याच्या प्रोफेसरबाईंचं ऑफिस कॉरिडॉरच्या टोकाला होतं. कागद त्यांच्या टेबलावर ठेवला आणि आधी जात सांगितली, मग नाव. जात म्हणजे काय, हे त्यांना धड ठाऊक नव्हतं. मी खुर्ची ओढून बसले आणि पहिल्यापासून सांगायला लागले.

तेव्हापासून थांबलेले नाही. विचारेल त्याला सांगते. जो विचारायचं टाळतो, त्याला आधी सांगते.