ओदीलबाईंचं विमान

फ्रान्समधल्या तुलूझमध्ये विमानं बांधणारे घरोघरी सापडतील, पण विमानांवर रोज वीज पाडणारी बाई आपण एकटीच, असं ओदील काझनाव यांना वाटायचं. वीज पडायची ती कॉम्प्युटरवर. नाकातून शिरलेला प्रवाह शेपटातून निसटेपर्यंत आतल्या तारांत किती व्होल्ट उसळतील, हे त्यांचं मॉडेल सांगायचं. विमानाचं अंग कार्बनचं झाल्यापासून हे काम नाजूक झालेलं. जुना ॲल्युमिनियमचा पत्रा विजेला बाहेरच्या बाहेर वाटेला लावायचा. कार्बनला ते तितकं जमत नाही.

निवृत्ती जवळ आली तरी बाई हँगरमध्ये फिरकल्या नव्हत्या. तिथं ग्रीस असतं, म्हणून.

त्या शरदात चाचणीवाल्या रेमी एस्कांदनं खऱ्या विमानात प्रवाह सोडला, आणि शेपटातल्या तारेवर बाईंच्या आकड्याच्या दुप्पट व्होल्ट निघाले. कॅन्टीनमध्ये तो ताट घेऊन थेट त्यांच्यासमोर बसला.

"ओदील, तुझं विमान फार सुरक्षित आहे बघ. फक्त त्यात बसायचं कसं, तेवढं सांग."

"माझं बरोबर आहे. तुझं विमान चुकलंय."

"अगं, ते धडधडीत उभं आहे तिथं!"

"उभं असेल. पण नीट जोडलेलं नाही."

सगळं टेबल हसलं. बाईंनी आठवडाभर गणित पुन्हा पुन्हा चालवलं, घरी नवऱ्याशी धड बोलल्या नाहीत, उत्तर हलेना. शेवटी त्यांनी डांगरी मागून घेतली, टॉर्च दातात धरला आणि शेपटात शिरल्या. कमरेशी अडकल्या.

"ढकलू का ओढू?" रेमीनं अदबीनं विचारलं.

"हात लावून तर बघ!"

मग बाई अंग चोरून आत सरकल्या, आणि थोड्या वेळानं आतून आरोळी आली, "रंग! रेमी, इथं रंग आहे!"

तारांचं वेष्टण सांगाड्याला जोडणारी धातूची पट्टी कुणीतरी रंग न खरवडताच स्क्रूनं आवळली होती. धातूला धातू टेकतच नव्हता, त्यामुळे विजेला वाट मिळत नव्हती. रेमीचा चेहरा पडला.

पट्टी नीट बसवली. पुन्हा चाचणी घ्यायच्या दिवशी बाई सगळ्यांसाठी शोकोलातीनची, म्हणजे चॉकलेट भरलेल्या पावांची, खोकी घेऊनच आल्या. आकडा आला तो त्यांच्या अंदाजापेक्षाही बराच खाली.

"आता कुणाचं विमान चुकलं म्हणायचं?" रेमी तोंडातला घास सावकाश चघळत म्हणाला.

बाईंनी आपल्या मॉडेलमधले भाग एकेक करून पुन्हा तपासले. चूक सुरक्षित बाजूची होती. गप्प बसल्या असत्या तरी चाललं असतं. पण त्यांच्यानं राहवेना.

"पन्हळ विसरले मी. तारांखालची धातूची. ती तारांना आडोसा देते. मॉडेलमध्ये घातलीच नाही."

"पण तू आत गेली होतीस ना? दिसली नाही?"

"तिच्यावरच बसले होते. तुमची चूक शोधत."

रेमीला ठसकाच लागला. बाई आधी लालबुंद झाल्या, मग त्यांनाही हसू आवरेना.

आता नवं मॉडेल करायच्या आधी बाई हँगर गाठतात, आणि गेल्या की लवकर बाहेर येत नाहीत. जेवायला निघताना मेकॅनिक मंडळी शेपटात वाकून हाक मारतात, "ओदील, आहेस का गं आत? झाकण लावतोय!"