सरपंचांची ओटी आणि नर्सबाईंचं पाणी

...गोठा झाडून झाला होता, कडबा टाकला होता, आणि मी म्हशीजवळ बसून खोकत होते. आमच्या मालकांना धार काढताना खोकायची सवय होती. ते जाऊन तीन वर्षं झाली, तरी तो खोकला ऐकल्याशिवाय म्हैस पान्हा सोडत नाही. म्हणून रोज सकाळी मी त्यांच्यासारखी खोकते.

तेवढ्यात गजानन दारात आला. "काकू, तब्येत बरी न्हाई का?"

"बरी हाय. म्हशीला समजावून राहिले."

गजानन म्हणजे आमच्या सरपंच सुनीताचा नवरा. निवडून आली ती, पण गाव सरपंच म्हणतं ते ह्याला. पंचायतीच्या नव्या आराखड्यात आरोग्यासाठी काय घ्यायचं, हे ग्रामसभेत ठरणार होतं, आणि सभा उद्यावर आली होती. गजाननच्या मनात ओपन जिम. ती कशी असते ते दाखवायला तो आज आम्हा बायकांना कुरुंद्याकडच्या एका गावी नेणार होता.

मला हवं होतं उपकेंद्रातल्या नर्सच्या खोलीला नळाचं पाणी. पाणी नाही म्हणून आमची नर्स मुक्कामी राहत नाही, शहरातून ये-जा करते. मालकांच्या छातीत पहाटे कळ आली तेव्हा उपकेंद्राला कुलूप होतं. नर्स असती तर ते वाचलेच असते, असं मी म्हणत नाही. पण कुणीतरी दार उघडलं असतं.

क्रूझर गच्च भरली. तांड्यावरच्या ताराबाईनं मळमळतंय सांगून खिडकीची जागा मिळवली, आणि औंढ्याला भजी माझ्यापेक्षा जास्त खाल्ली. औंढ्याला दर्शन घ्यायचं असेल तर सोमवार टाळा, रांग मोठी असते. एसटीनं जाणार असाल तर हिंगोलीहून वसमतची गाडी धरा. बायकांना अर्धंच तिकीट. कुरुंद्याच्या फाट्यावर उतरलं की जिमच्या गावाला ऑटो मिळतो. शिरड शहापूर मागे पडलं तशी हळदीची रानं दिसायला लागली, रुंद हिरव्या पानांची. मी खिडकीतून बघणार होते, पण मधे ताराबाई होती.

"सुनीता काहून आली न्हाई?" तिनं गजाननला विचारलं.

"तिची कंबर धरली."

"मंग जिम तिलाच पायजे की!"

त्या गावात कमलबाई नावाच्या पंचायतीच्या सदस्य ताट घेऊन उभ्या होत्या. हळदीकुंकू, नारळ, खण, तांदूळ. मला कुंकू लावताना त्यांचं बोट थबकलं. मी म्हटलं, "लावा बाई. आमचे मालक काही म्हणायचे न्हाईत." त्यांनी लावलं.

"सरपंचबाई कोणत्या? ओटी भरायची हाय."

आम्ही सगळ्या गजाननकडे बघायला लागलो.

"ती घरी हाय," तो म्हणाला. "कारभार मीच बघतो."

"खुर्ची ह्याची, भाषण ह्याचं," मी म्हटलं. "मंग ओटी काहून सोडायची?"

कमलबाई गालात हसल्या. "पसरा भाऊ रुमाल."

त्याला वाटलं चेष्टा चालली आहे. पण कमलबाई तांदळाची ओंजळ धरून उभ्याच राहिल्या, आणि भरलेलं ताट परत कसं पाठवणार! बिचाऱ्यानं गळ्यातला रुमाल पसरला. नारळ, खण, तांदूळ, सगळं रीतसर पडलं.

"आता डोक्यावरून पदर घ्या, सरपंचबाई," ताराबाई म्हणाली.

मग जिम बघितली. पायडल मारायच्या मशिनीला कालवड बांधलेली.

"मजबूत हाय का?" गजाननानं विचारलं.

"लई. कालवडीनं वढली तरी हालत न्हाई," कमलबाई म्हणाल्या. संध्याकाळी लेकरं झोके घेतात, हेही त्यांनी सांगितलं. मोठं माणूस त्यावर चढलेलं त्यांना आठवत नव्हतं.

जिमच्या मागेच उपकेंद्र. तिथं दोरीवर कपडे वाळत होते आणि आतून लसणाच्या फोडणीचा वास येत होता. नर्सबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या.

"रातीला कुणी आलं तर?" मी विचारलं.

"खिडकी वाजवतात. झोप मोडते, तकलीफ होते. पण पंचायतीनं नळ दिल्यापासून माझं इथं घरच झालंय."

मी त्या खिडकीवर बोटानं टकटक केली.

"आत्ता कशाला?" ताराबाई म्हणाली.

"बघून राहिले, आत आवाज जातो का."

 येताना खिडकीची जागा ताराबाईनं मला दिली.

परतीच्या वाटेवर गजानन मांडीवर गाठोडं घेऊन बसला होता. "काकू, गावात नका सांगू."

"गावात न्हाई सांगत. पण ओटी सुनीताची हाय. तिला द्यावीच लागंल."

गाठोडं मीच नेऊन दिलं. सुनीता ताठ उभी राहून पीठ चाळत होती.

"कंबर कशी हाय गं?"

"कंबरेला काय झालं?"

मी दिवसभराचं सगळं सांगितलं. ती इतकी हसली की पीठ सांडलं. मग चाळणी खाली ठेवली. "काकू, मला बी पाणीच पायजे हाय. पण सभेत ह्येच बोलतात. मी उठस्तोवर माईक ह्यांच्या हातात जातो."

घरी येऊन पडले. पाठ दुखत होती, भजी जळजळत होती. दौरा मात्र वाया गेला नव्हता. तुमच्या पंचायतीनं असा काढला तर जरूर जा; जे दाखवायला नेतात ते बघा, आणि मग त्याच्या मागेही जाऊन या. डोळे मिटले की मला ते दोरीवरचे कपडे दिसत होते, आणि तो फोडणीचा वास.

दुसऱ्या दिवशी सभेत गजानन बोलायला उठायच्या आत मी सुनीताचा हात धरला, तिला माईकपाशी नेलं, आणि नर्सच्या खोलीच्या पाण्याचा ठराव लिहून होईपर्यंत तिच्याशेजारी उभी राहिले.