भाताचा सूर

आमच्या चर्चमध्ये कीबोर्ड वाजवणारा तो तरुण चौकात चिकनकारी भरतकामाच्या कपड्यांच्या दुकानात कामाला आहे. प्रत्येक वाक्याला 'जी' लावायची त्याला सवय. वाटेत आडव्या आलेल्या गाईलाही तो "हटिए जी" म्हणतो.

यंदाच्या युवा शिबिराला थायलंडची एक मुलगी आली होती. तिला हिंदी येत नव्हती, इंग्रजी जेमतेम. पहिल्या दिवशी ती एकटीच बसली आणि ताटाला हात न लावता उठली. शिबिराची जबाबदारी माझ्याकडे होती. मला काही सुचेना.

आमचा कीबोर्डवाला मात्र फोनवरून थाई शिकायला बसला. सकाळी धावत आला. "दीदी, इनके यहाँ भी हर बात में जी लगता है! 'ख्रप' बोलते हैं!"

दुपारी सगळ्यांसमोर त्याने तिला थाईत विचारलं, "भात खाल्लास का?" ती चमकली आणि खुदकन हसली. मग फोनवर भाषांतर करून तिने दाखवलं, थाईत सूर बदलला की शब्दाचा अर्थच बदलतो, आणि सूर चुकल्यामुळे त्याने 'बातमी खाल्लीस का' असं विचारलं होतं. पोरं खो खो हसली. मला वाटलं, आता हा पळणार.

त्याने खुर्ची ओढली. "फिर से बताइए जी."

तिने हात वरून खाली आणत सूर दाखवला. तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. सहाव्या खेपेला ती "येस!" म्हणून ओरडली आणि हॉल टाळ्यांनी दणाणला. मग सगळी पोरं तिच्याभोवती जमून तोच शब्द घोकू लागली.

मी वाढायला उठले. त्या दुपारी तिने भात दोनदा मागून घेतला.