हात वर आणि स्माईल

मी शाळेत गणित शिकवते आणि गेली अठरा वर्षं दहावीचे पेपर तपासते. प्रत्येक मार्क कुठून आला हे सांगता आलंच पाहिजे, अशी माझी ठाम समजूत आहे. अर्ध्या मार्काचं कारण कुणी विचारलं तर मी त्याला ओळीवर बोट ठेवून दाखवते. असल्या बाईच्या पोटी कलात्मक स्केटिंग करणारी मुलगी जन्माला घालून दैवानं माझी चांगलीच थट्टा केली आहे.

पुण्यात बर्फ मिळतो तो रसाच्या गुऱ्हाळात. त्यामुळे टीव्हीवर बर्फावर मुली जे काही करताना दिसतात, ते सगळं आमच्याकडे चार चाकांचे स्केट्स घालून सिमेंटच्या रिंकवर चालतं. उड्या त्याच, गिरक्या त्याच, टिकल्यांचे कपडेही तेच. पडल्यावर गुडघे मात्र जास्त सोलवटतात. परीक्षक दहापैकी दोन आकडे देतात. पहिला उड्या आणि गिरक्यांचा, तो मला कळतो. दुसरा कलेचा. त्या दुसऱ्या आकड्यानं माझी झोप उडवली होती.

मुलगी तेव्हा बारा वर्षांची होती. राज्य स्पर्धेसाठी जिल्ह्याच्या संघात चार मुली घेणार होते. त्यासाठी दोन चाचण्या होत्या आणि दोन्हींतली चांगली ती धरणार होते. पहिल्या चाचणीत ती पाचवी आली. उड्यांना सहा पूर्णांक आठ आणि कलेला चार पूर्णांक सहा. घरी येताना स्कूटरवर मागून ती शांतपणे म्हणाली, "आई, पुढच्या वेळीही नाही झालं ना, तर मी स्केट्स कुणाला तरी देऊन टाकणार." आमची मुलगी धमक्या देत नाही. दोन वर्षांपूर्वी तिनं अबॅकसचा क्लास सोडणार म्हणून सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी सोडला. विश्रांतवाडीच्या चौकातला सिग्नल सुटला तरी मी तशीच उभी राहिले. मागच्या रिक्षावाल्यानं माझ्या दृष्टीबद्दल चौकशी केली.

कलेच्या बाबतीत मी काही कमी कष्ट घेतले नव्हते. रिंकच्या भोवती कमरेइतका कठडा आहे. त्याला टेकून आम्ही सगळ्या आया उभ्या असतो आणि पोरगी समोरून गेली की ओरडतो, "स्माईल!" साठ पोरांच्या वर्गावर तयार झालेला आवाज माझा, त्यामुळे माझी स्माईल पलीकडच्या कठड्यापर्यंत पोचायची. शिवाय "हात वर!" हेही माझंच. चार महिन्यांपूर्वी हा नाच बसवायला घेतल्यापासून तिला एक खोड लागली होती. डावा हात बाजूला, कमरेच्या उंचीवर सोडून ठेवायची, भाजीची पिशवी धरल्यासारखा. बाकीच्या मुलींचे हात कसे छान वर पसरलेले असायचे. घरी कपाटाच्या आरशासमोर मी तिला हात वर धरून तीन मिनिटं सलग हसायला लावायची. नवरा एकदा दारातून बघून म्हणाला, "स्पर्धेची तयारी आहे, की दातांच्या डॉक्टरकडे नेत्येस?"

संगीताच्या बाबतीतही माझं काही चाललं नाही. तिनं एक संथ सारंगी निवडली होती. मी तिच्या सरांना म्हटलं, जरा आनंदी काहीतरी ठेवा. सर म्हणाले, "तिनंच आणलंय, ती ऐकत नाही." मागच्या मे महिन्यात तिची मैत्रीण नागपूरला परत गेली होती. तिच्या वडिलांनी इथली आयटीतली नोकरी सोडली आणि शेजारच्या बिल्डिंगमधला त्यांचा फ्लॅट रिकामा झाला. स्केटिंगला दोघी एकत्रच लागल्या होत्या. तेव्हापासून मुलीला अशीच रडकी गाणी आवडत होती. वय आहे, जाईल, असं मी धरून चालले.

पहिल्या चाचणीनंतर दोन दिवसांनी मी मुख्य परीक्षकबाईंना गाठलं. फेरतपासणीच मागायची होती मला, दुसरं काय. बाई साठीच्या पुढच्या, स्वतः एके काळी स्केटिंग केलेल्या. गुडघे गेल्यामुळे आता हातात काठी आणि पिशवीत चहाचा थर्मास. रिंकच्या पत्र्याच्या शेडखाली बसल्या होत्या.

"मॅडम, चार पूर्णांक सहा कसे आले, ते जरा समजावून सांगाल का?"

"तिनं मिळवले, मी लिहून घेतले."

"पण काही निकष असतील ना?"

"आपण काय करता?"

"गणित शिकवते. दहावीचे पेपर तपासते."

"अरेरे," बाई म्हणाल्या. "गणितात नुसत्या उत्तराला किती देता?"

"चार मार्कांच्या गणितात एक. बाकी पायऱ्यांना."

"मग तुम्हाला निम्मं येतंच की. उडी म्हणजे उत्तर. ते माझ्या कलेच्या आकड्यात नाही. मी बघते दोन उड्यांच्या मधे काय झालं ते. तुमची मुलगी मधल्या वेळात काय करते, कधी पाहिलंयत?"

"हसते," मी म्हणाले.

"हो. कुणावर, ते कळलं नाही मला."

माझ्या नाकावर राग आला होता, पण बाईंनी तो विचारातच घेतला नाही. पुढच्या रविवारी सकाळी लहान मुलांची स्पर्धा आणि दुपारी दुसरी चाचणी होती. शिकाऊ परीक्षक म्हणून माझ्या शेजारी बसा, म्हणाल्या. तुमचे मार्क धरणार नाही, पण पेन्सिल खरी देऊ. नियम तीन. टेबलाशी बसलेल्यानं बोलायचं नाही. टाळी वाजवायची नाही. चेहऱ्यावर काहीही दिसता कामा नये. "आणि तुमच्या मुलीचा नंबर आला की पेन्सिल खाली. तेवढ्यापुरतं नुसतं बघायचं."

रविवारी मी सकाळी साडेआठला हजर झाले, चार पेन्सिली टोक करून. पहिलीच मुलगी सहा वर्षांची, मोराच्या वेषात, मागे खरीखुरी पिसं. मी हरखून कलेला नऊ दिले. बाईंनी साडेतीन दिले होते. स्पर्धक बदलण्याच्या मधल्या वेळात त्या म्हणाल्या, "मोर उत्तम आहे. तो शिंप्याचा. मुलीचं काय?"

पुढची गोड हसली, मी आठ दिले. बाईंनी चार. तिसऱ्या मुलाच्या वेळी त्यांनी माझ्या वहीवर हात ठेवला आणि कानाशी कुजबुजल्या, "डोळे मिटा. चाकं ऐका." मी मिटले. आधी नुसती घरघर. मग हळूहळू कळायला लागलं, की गाणं एकीकडे चाललंय आणि चाकं भलतीकडे. चाकांना गाण्याची काही खबरच नव्हती. उडीच्या आधी तर ती लांबलचक घरघरत राहायची. पोरगं तेवढा वेळ गाणं सोडून उडीचाच विचार करत होतं.

त्यानंतर एक चष्मेवाली मुलगी आली. साधा निळा फ्रॉक, चेहरा परीक्षेला बसल्यासारखा गंभीर. हसली नाही, हात फारसे वर नाहीत. पण ढोलकीचा एक तुकडा होता तिच्या गाण्यात, तो आला की तिची चाकंही तशीच वाजायची. उडीही त्यातच उगवायची, वेगळी काढून ठेवलेली नसायची. मी बिचकत साडेसहा लिहिले. बाईंचे सात. माझ्या कागदाकडे नजर टाकून त्यांनी थर्मासच्या झाकणात मला अर्धा चहा ओतून दिला. आयुष्यात मिळालेल्या बक्षिसांत मी तो चहा बराच वर धरते.

दुपारी नवरा मुलीला घेऊन आला. तिला सांगितलं होतं, की मला टेबलाशी काम आहे. पण सवयीनं, रिंकवर उतरल्यावर तिनं आधी कठड्याकडेच पाहिलं, माझ्या ठरलेल्या खांबाकडे. तिथे नवरा मोबाईल बघत उभा होता. मग तिची नजर फिरत फिरत टेबलाकडे आली. मी नियमाप्रमाणे दगडासारखी बसले होते. पेन्सिल खाली ठेवली होती. ती क्षणभर बघत राहिली, आणि सारंगी सुरू झाली.

ती हसली नाही. डावा हात बाजूला, कमरेच्या उंचीवर सोडलेला. हात वर, हे माझ्या ओठांवर आलं आणि नियमामुळे तिथेच अडकलं. ओरडायची सोय नाही म्हटल्यावर बघण्याशिवाय काही उरलं नाही, आणि चार महिन्यांत पहिल्यांदा मी तो हात नीट पाहिला. बोटं किंचित मिटलेली होती. खांदा त्या बाजूला जरासा कललेला. वळण घेताना ती बाहेरून मोठं वळण घेत होती, आतल्या बाजूला एका माणसाची जागा ठेवून.

मग मला आमच्या बिल्डिंगचं पार्किंग आठवलं. सात वर्षांच्या दोघी, एकमेकींचा हात धरून, खांबांभोवती चकरा मारणाऱ्या. आमची नेहमी उजवीकडे, मैत्रीण डावीकडे. एक पडली की दुसरीही पडायची, कारण हात सोडायचा नाही असं ठरलेलं होतं.

सारंगीत मधे एक जागा येते, तिथे सूर बराच वेळ एकटा थांबतो. त्या जागी तिची बोटं उघडली. नंतरचं सगळं तिनं एकटीनं, हात छातीशी धरून केलं. दुहेरी उडीत पडली. उठली तीसुद्धा सुरावर. शेवटी तो डावा हात पुन्हा बाजूला गेला आणि रिकामा मिटला.

त्या हाताला मी चार महिने वर धर, वर धर म्हणून ओरडत होते. मला इतकी लाज वाटली, की रडू आलं. पण चेहऱ्यावर काही दिसता कामा नये, म्हणून मी मान खाली घालून पेन्सिलीवरची अक्षरं वाचत बसले. बाईंनी समोरची नजर न हलवता थर्मासचं झाकण माझ्याकडे सरकवलं. "घ्या," पुटपुटल्या, "चहा पिताना चेहरा झाकतो."

पडल्यामुळे उड्यांना सहा पूर्णांक दोन मिळाले. कलेला सात पूर्णांक चार. बेरीज मी मनात बाईंच्या आधी केली. ती चौथी आली होती. संघात होती.

ती बाकावर बसून स्केट्सच्या नाड्या सोडत होती. मी तिच्यासमोर खाली बसले आणि दुसऱ्या पायाच्या नाडीला हात घातला. म्हटलं, "तिला व्हिडिओ पाठवायचा का? बाबांनी काढलाय."

तिनं पटकन माझ्याकडे पाहिलं. "तुला कळलं?"

"आज कळलं."

तिनं नाडी ओढून काढली. मग म्हणाली, "आई, त्या टेबलाशी बसलं की ओरडता येत नाही ना?"

"नाही. तसा नियम आहे."

"मग राज्य स्पर्धेला कठड्यापाशी उभ्या असणाऱ्यांना पण असेल का गं तो नियम?"

ते लागलं मला. चांगलंच लागलं. तिनं काही टोमणा मारला नव्हता, अगदी सरळ, जरा घाबरतच विचारलं होतं, म्हणून जास्त लागलं. नियमांचं पुस्तक मी आठवडाभर पाठ केलं होतं. प्रेक्षकांना असा कुठलाही नियम नाही, हे मला पान नंबरासकट माहीत होतं. आणि अठरा वर्षांत चुकीच्या उत्तराला मी कधी बरोबरची खूण केलेली नाही.

"आहे," मी म्हणाले, आणि तिचा स्केट काढून पिशवीत ठेवला.