उपरण्याखालची चार बोटं

आमच्याकडं बैलांचा सौदा तोंडानं होत नाही. विकणारा आणि घेणारा हातांवर उपरणं टाकतात आणि त्याखाली बोटं धरून भाव सांगतात. एक बोट म्हणजे एक हजार. शेजारी उभ्या माणसालाही आकडा कळत नाही.

वडील कऱ्हाटीच्या माळावर मेंढरं राखायचे. मी बैलांच्या व्यापारात शिरलो आणि कुणाच्या उपकाराशिवाय उभा राहिलो. नव्वदनंतर सांगवीकडं, बागायतदारांच्या शिवारात, दोन एकर उसाचं रान मिळत होतं. त्या दिवशी सुप्याच्या बाजारात माझी खिलार जोडी विकली असती, तर संध्याकाळी विसाराचे पैसे देऊन रान माझं झालं असतं.

जोडी सातची होती, आंधळ्यानंही सांगितलं असतं. पहिला बागायतदार आला. उपरण्याखाली चार बोटं. मी हात झटकला. दुसरा बाजाराच्या पार दुसऱ्या टोकाकडून आला. चार. तिसरा नुकताच टेम्पोतून उतरलेला. चार. कुणी कुणाशी बोललेलं नव्हतं. मी सगळा वेळ पाहत होतो.

शेवटी एक म्हातारा आला. खतासाठी आमची मेंढरं त्याच्याच रानात बसायची.

"आमच्यात रान घेतोयस म्हणं?"

"घेतोय, तात्या."

"घे की. कोण न्हाय म्हणतंय?" तो हसला. त्याचा ऊबदार हात माझ्या हातात आला. चार बोटं.

"तात्या, खरं सांगा. हा भाव कुणी सांगितला?"

"कोण सांगंल? जोडी बघितली, आन् आलं मनात."

तो खोटं बोलत नव्हता. त्याचीच भीती वाटली. मी उपरणं फेकलं, बाजारभर शिव्या दिल्या आणि बैल घरी आणले. रान त्यांच्यातल्याच एकाला गेलं.

वडील एवढंच म्हणाले, "परकं मेंढरू कळपात सोडलं, की पहिल्यांदा कुणी ढुशी देत न्हाय. समदी नुसती तोंडं फिरवून उभी ऱ्हात्यात. त्येस्नी कोण शिकवतं?"

त्या तात्याला मी अजून माफ केलेलं नाही.

पुढं काही वर्षांनी, मी त्या बाजारातला जुना व्यापारी झाल्यावर, भीमेपलीकडचा एक अनोळखी माणूस आठची जोडी घेऊन आला. आम्ही पाचसहाजण चहा पीत होतो. त्याच्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. दोघं एकेक करून जाऊन आले. मग मी गेलो. उपरण्याखाली माझ्या हातानं त्याची पाच बोटं कधी धरली, मलाच कळलं नाही.

त्यानं मान वर केली. "पावनं, ह्यो भाव तुमाला कुणी सांगितला?"

"कुणी न्हाय," मी म्हणालो. खरंच कुणी सांगितला नव्हता.